अमेरिकेत टीए-आरए करताय? युनियनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीला गेलेले आणि विद्यापीठात टीए (शिक्षण-सहायक), आरए (संशोधन-सहायक) किंवा ग्रेडर (पेपर तपासनीस) म्हणून काम करणारे विद्यार्थी युनियनबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. ओरिएंटेशनच्या टेबलावर कुणीतरी युनियनचं कार्ड, म्हणजे ‘मला युनियन हवी’ असं सही करून द्यायचा कागद, पुढे करतं, आपण ‘नंतर बघू’ म्हणतो आणि ते नंतर बघणं राहूनच जातं. आमचं मत आधीच सांगतो: सदस्य व्हा. मात्र तुमच्या राज्यात कायदा काय म्हणतो हे आधी पाहा, कारण कॅलिफोर्नियात जे चालतं ते टेक्ससमध्ये चालत नाही.

मी तर विद्यार्थी. कामगार कसा झालो?

दोन्ही आहात. आपल्याकडे मार्डचे निवासी डॉक्टर एकाच वेळी पदव्युत्तर विद्यार्थी असतात आणि वॉर्डही चालवतात. विद्यावेतन थकलं की संपावर जातात, आणि तेव्हा ‘तुम्ही विद्यार्थी आहात, गप्प बसा’ हे कुणाला पटत नाही. तुम्ही आठवड्याला दोन तुकड्या शिकवता, सत्तर जणांचे पेपर तपासता, त्याचे पैसे घेता, त्यावर कर भरता. हे काम तुम्ही केलं नाही तर विद्यापीठाला दुसरं कुणीतरी पगारावर ठेवावंच लागेल.

कायद्याने मात्र बरेच हेलकावे खाल्ले. खासगी विद्यापीठांचा विषय राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे, म्हणजे एनएलआरबीकडे असतो. या मंडळाने २०००मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात ‘हे कामगार आहेत’ म्हटलं, २००४मध्ये ब्राउनच्या प्रकरणात ते फिरवलं आणि ऑगस्ट २०१६मध्ये कोलंबियाच्या प्रकरणात पुन्हा ‘कामगारच’ असा निकाल दिला. आज चालतो तो हा शेवटचा. मंडळाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात, त्यामुळे सरकार बदललं की निकाल उलटायची भीती असते. २०२५मधला बहुतांश काळ तर मंडळाकडे कोरमच, म्हणजे निकाल द्यायला लागणारी सदस्यसंख्याच, नव्हता. म्हणूनच अलीकडे काही युनियन मंडळापुढे नवं प्रकरण नेताना दहादा विचार करतात.

माझं विद्यापीठ सरकारी आहे. मग?

मग एनएलआरबीचा संबंध नाही, राज्याचा कायदा लागू होतो. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, इलिनॉय, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यूजर्सी या राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत पदवीधर कामगारांच्या, म्हणजे तुमच्यासारख्या टीए-आरएंच्या, मान्यताप्राप्त युनियन आहेत, काही ठिकाणी पन्नास वर्षांपासून. विस्कॉन्सिन-मॅडिसनची टीचिंग असिस्टंट्स असोसिएशन १९६६ची, या प्रकारातली देशातली सर्वांत जुनी. १९७०मध्ये संप करून तिने पहिला करार मिळवला. पण त्याच विस्कॉन्सिनमध्ये २०११च्या ‘अ‍ॅक्ट १०’ने सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटींचा हक्क जवळपास मोडीत काढला आणि आज तिथे ही संघटना कराराशिवाय काम करते. आयोवात २०१७च्या कायद्याने वाटाघाटी मूळ पगारापुरत्याच उरल्या. टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलायनात सरकारी संस्थेला युनियनशी सामूहिक करारच करता येत नाही.

नॉर्थ कॅरोलायनातलंच ड्यूक विद्यापीठ मात्र खासगी आहे. तिथे एनएलआरबीचा नियम लागू झाला, २०२३मध्ये मतदान झालं आणि युनियन जिंकली. तेव्हा ‘आमच्या राज्यात युनियन चालत नाही’ असं सीनिअरने सांगितलं, तर तो सरकारी विद्यापीठाबद्दल बोलतोय की खासगी, हे आधी विचारा.

एमएसवाले, ताशी पगारावरचे ग्रेडर, फेलोशिपवाले यांना युनियन लागू होते का?

प्रत्येक करारात सुरुवातीलाच ‘मान्यता’ नावाचं कलम असतं. युनियन कोणासाठी बोलते ते त्यात पदांच्या नावांनिशी लिहिलेलं असतं. तुमच्या ऑफर लेटरवरचं पद त्या यादीत शोधा. या यादीतल्या सगळ्यांना मिळून ‘युनिट’ म्हणतात. कोलंबियाच्या युनिटमध्ये एमएसचे आणि पदवीचेही शिक्षण-सहायक येतात, इतरत्र फक्त पीएचडीचे. फेलोशिपवाल्यांचं अवघड आहे. एमआयटीत २०२३मध्ये, ज्यांचा पैसा कामाच्या बदल्यात नसून फेलोशिपमधून येतो, त्यांना कर्मचारी मानायला एनएलआरबीच्या प्रादेशिक कार्यालयाने नकार दिला. पहिल्या वर्षी फेलोशिप आणि दुसऱ्या वर्षापासून आरएशिप, अशी रचना असेल तर तुम्ही दुसऱ्या वर्षी युनिटमध्ये याल.

स्टायपेंड मिळतोय, विमा आहे, ट्यूशन माफ आहे. युनियन आणखी काय देणार?

हातातलं ऑफर लेटर पुन्हा वाचा. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’, ‘विभागाच्या निर्णयाधीन’, ‘विद्यापीठाच्या धोरणात बदल होऊ शकतो’ अशी वाक्यं त्यात हमखास सापडतील. म्हणजे देणाऱ्याच्या मनात आहे तोवर मिळेल. विमा कंपनी बदलली, दातांचा विमा गेला, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांवर नवी फी लागली, तर तुमच्याकडे ईमेल येतो, बस. सामूहिक करारात तीच गोष्ट लिहिली की विद्यापीठाला ती मुदत संपेपर्यंत एकतर्फी बदलता येत नाही. बदललीच तर बाहेरच्या लवादापुढे जाता येतं.

आकड्यांत बघायचं तर कॅलिफोर्निया विद्यापीठ घ्या. १४ नोव्हेंबर २०२२ला तिथले ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले आणि पदवीधर कामगारांचा संप डिसेंबरच्या २३ तारखेपर्यंत चालला. त्याआधी अर्धवेळ टीएचा नऊ महिन्यांचा किमान पगार सुमारे २३,२५० डॉलर होता. करारानुसार तो ऑक्टोबर २०२४पर्यंत टप्प्याटप्प्याने सुमारे ३४,००० झाला. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याहून जास्त. जॉन्स हॉपकिन्सच्या पहिल्या करारात जुलै २०२४पासून पीएचडीवाल्यांचा किमान वार्षिक स्टायपेंड ४७,००० डॉलर ठरला.

पगाराची बातमी होते. रोजच्या जगण्यात मात्र कामाच्या तासांची कमाल, रजा, नेमणुकीचं पत्र किती दिवस आधी मिळायला हवं, व्हिसाच्या मुलाखतीसाठी सुट्टी ही रुक्ष कलमंच जास्त उपयोगी पडतात.

ऑफर लेटरमध्ये वीस तास लिहिलेत, प्रत्यक्षात तीस होतात. युनियन नेमकं काय करते?

आधी तुमच्याकडे हिशेब लागतो. ‘खूप काम आहे’ या वाक्यावर कोणतीही तक्रार टिकत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या करारात अर्धवेळ नेमणुकीला सेमिस्टरमागे ३४० तासांची (क्वार्टर पद्धतीत २२०) कमाल आहे. समजा तुमच्याकडे सत्तर विद्यार्थी आहेत. आठवड्याला लेक्चरला बसणं ३ तास, दोन डिस्कशन २ तास, ऑफिस अवर्स २, तयारी ३ आणि गृहपाठ तपासणं, दर वहीला ६ मिनिटं धरून, ७ तास. झाले १७, पंधरा आठवड्यांचे २५५. दोन मिडटर्म, दर पेपरला १५ मिनिटं: ३५ तास. फायनल, दर पेपरला २० मिनिटं: साधारण २३. परीक्षेची देखरेख ६, प्राध्यापकांबरोबरची साप्ताहिक बैठक १५. एकूण ३३४. बसलं.

आता प्राध्यापकांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं की प्रत्येक गृहपाठावर सविस्तर लेखी शेरा हवा. सहा मिनिटांची पंधरा झाली. आठवड्याला साडेदहा तास वाढले आणि दोन्ही मिडटर्म धरून अकराव्या आठवड्यातच ३४० संपले. फायनल अजून पुढेच आहे. हे गणित तुम्ही तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापकांना ईमेलने दाखवलंत, तर बहुतेक वेळा तिथेच मिटतं: शेरे कमी होतात किंवा दुसरा ग्रेडर मिळतो. तेराव्या आठवड्यात दाखवलंत तर काम होऊन गेलेलं असतं आणि भांडण फक्त पैशांचं उरतं. बरेच जण नेमके इथे फसतात, कारण सत्राच्या सुरुवातीला तक्रार करणं वाईट दिसेल असं वाटतं.

नोंद साधी ठेवा. तारीख, काम, सुरुवात, शेवट. रोज रात्री दोन मिनिटं. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

तुमच्यासाठी याला आणखी एक धार आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या कामाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते. म्हणजे ‘जरा जास्त कर’ हे प्राध्यापकांना सहज वाटलं, तरी नियम मोडल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो. आरएचं काम आणि स्वतःच्या प्रबंधाचं काम यांतली रेघ पुसट असते हे खरं. निदान काय पगाराचं आणि काय पदवीचं, हे सत्राच्या सुरुवातीलाच गाइडकडून लेखी घ्या.

मी एफ-१ वर आहे. सदस्य झालो तर व्हिसाला धोका?

सदस्य होणं, कार्डावर सही करणं, मत देणं, बैठकीला जाणं यांसाठी नागरिकत्व लागत नाही. कायद्याने दिलेला हा हक्क व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून नाही. अमेरिकेतल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत निम्म्याहून जास्त लोक परदेशी असतील, तर तिथली युनियन परदेशी विद्यार्थ्यांशिवाय उभीच राहू शकत नाही. कित्येक ठिकाणी वाटाघाटीच्या टेबलावर भारतीय आणि चिनी विद्यार्थी असतात ते यामुळेच.

संपाचं मात्र नीट समजून घ्या. एफ-१ चा दर्जा तुमच्या नोकरीवर नाही, पूर्णवेळ नोंदणीवर टिकतो. कायदेशीर संपात काम थांबवलं म्हणून दर्जा जात नाही. धोका वळसा घालून येतो. टीएशिप गेली की ट्यूशन माफी जाते, माफी गेली की बिल येतं, बिल थकलं की नोंदणी अडते आणि नोंदणी अडली की सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद रद्द होऊ शकते. म्हणून संपाच्या आधी युनियनला एकच प्रश्न विचारा: विद्यापीठाने ट्यूशन माफी काढली तर काय करणार? ज्या युनियनकडे याचं ठोस उत्तर नाही, तिने संपाची तयारी पुरती केलेली नाही. संपात वर्ग बुडवू नका, नोंदवलेली क्रेडिट्स सोडू नका, संशोधनाच्या क्रेडिटला ‘असमाधानकारक’ शेरा येणार नाही हे पाहा.

आणि एक स्पष्ट बोलू. २०२५पासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी हवा बदलली आहे. त्या मार्चमध्ये टफ्ट्सच्या एका पीएचडी विद्यार्थिनीला पकडून ताब्यात ठेवलं गेलं. ती युनियनची सदस्य होती, पण कारण ठरला तिने इतरांबरोबर लिहिलेला एक लेख, युनियनचं काम नव्हे. पगाराच्या मागणीसाठी पिकेट लाइनवर, म्हणजे संपकऱ्यांच्या रांगेत फलक घेऊन, उभं राहणं आणि परराष्ट्र धोरणावर निदर्शनं करणं, या दोन गोष्टींना आज वेगवेगळी जोखीम आहे. दोन्हींत काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण एकच समजू नका. ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांच्यासाठी जबाबदार युनियन पिकेटवर वेगळी व्यवस्था ठेवते. बॅनर रंगवणं, हिशेब, फोन करणं, अशी कामं भरपूर असतात.

डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात संघटनांबद्दल विचारतात. युनियन लिहायची का?

व्यावसायिक, सामाजिक किंवा धर्मादाय संघटनेचे सदस्य आहात का, असा प्रश्न त्या फॉर्मवर आहे. असाल तर लिहा. कामगार संघटनेचं सदस्यत्व हे व्हिसा नाकारायचं कारण नाही, फॉर्मवर खोटं लिहिणं मात्र आहे.

गाइड रागावले तर? शिफारसपत्र त्यांच्याच हातात आहे.

हीच खरी भीती आहे आणि ती पोकळ नाही. सदस्य झाल्याबद्दल कामावरून काढणं, धमकावणं, ‘कोण कोण युनियनमध्ये आहे’ अशी चौकशी करणं हे सगळं बेकायदा आहे. खासगी विद्यापीठात अशा घटनेची एनएलआरबीकडे तक्रार सहा महिन्यांत करावी लागते. पण कोमट शिफारसपत्राविरुद्ध कुठलाच कायदा चालत नाही, हे मान्य करावं लागेल.

प्रत्यक्षात दोन गोष्टी मदतीला येतात. कार्डं विद्यापीठाला दाखवली जात नाहीत, ती युनियनकडून थेट मंडळाकडे जातात. आणि जिथे लॅबमधले बारापैकी दहा जण सदस्य आहेत, तिथे राग धरायचा कुणावर? एकट्याने सही केली तर तुम्ही ‘तो युनियनवाला’ होता. सगळ्यांनी केली तर ती लॅबमधली एक साधी गोष्ट होऊन जाते.

बऱ्याच प्राध्यापकांचा राग युनियनवर नसून ग्रँटच्या गणितावर असतो. तीन वर्षांपूर्वी मंजूर झालेल्या बजेटमध्ये जुना स्टायपेंड धरलेला असतो, करार झाला की वरचा फरक कुठून आणायचा हा त्यांच्यापुढचा खराच प्रश्न असतो. ‘तो विद्यापीठाने भरावा म्हणूनही आपण एकत्र मागू शकतो’ हे सांगून पाहा.

वर्गणी किती? आजच कापायला लागतात का?

बहुसंख्य पदवीधर कामगार ज्या यूएडब्ल्यूमध्ये (मुळात वाहन कामगारांची युनियन) आहेत, तिथे राष्ट्रीय दर पगाराच्या १.४४ टक्के आहे. काही स्थानिक शाखा थोडी जास्त घेतात. ३४,००० डॉलरवर वर्षाला सुमारे ४९० डॉलर. पहिला करार सदस्यांच्या मतदानाने मंजूर होईपर्यंत काहीच नाही. म्हणजे कार्डावर सही केली आणि पुढच्या महिन्यात पगार कमी आला, असं होत नाही. यूई, एसईआययू, एएफटी या इतर युनियनचे दर वेगळे आहेत, शाखेला विचारा.

मी वर्गणी भरली नाही तरी करार मला लागूच. मग भरायची कशाला?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या ‘जेनस’ निकालानंतर कोणत्याही सरकारी विद्यापीठात सदस्य नसलेल्याकडून युनियन एक डॉलरही सक्तीने घेऊ शकत नाही. तरी तिला त्याचीही तक्रार चालवावीच लागते. खासगी विद्यापीठांत करारात तशी तरतूद असेल तर बिगर-सदस्यांकडून शुल्क घेता येतं, पण अशा सक्तीच्या शुल्काला मनाई करणारा ‘राइट टू वर्क’ कायदा असलेल्या २६ राज्यांत तेही नाही.

मग फुकट का घेऊ नये? कारण वाटाघाटीला बसताना विद्यापीठाच्या वकिलांना आपल्या मागणीपत्राची भाषा किती गोळीबंद आहे याचं काही पडलेलं नसतं. ते एकच आकडा विचारात घेतात: युनिटमधले किती टक्के लोक सदस्य आहेत आणि त्यातले किती काम थांबवतील. तीस टक्के सदस्य असलेल्या युनियनला तीस टक्क्यांचाच करार मिळतो. शिवाय करार मंजूर करायच्या मतदानात आणि कमिटीच्या निवडणुकीत फक्त सदस्य मत देतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सदस्य नसतील तर व्हिसाची कलमं रात्री अकरा वाजता तडजोडीत सगळ्यात आधी गळतात. कुणाचा त्यात वाईट हेतू असतो असं नाही, खोलीत ती मागणारं कुणी नसतं.

कार्डापासून करारापर्यंत किती वेळ लागतो?

युनिटमधल्या ३० टक्क्यांची कार्डं जमली की एनएलआरबीकडे निवडणूक मागता येते. शहाणी युनियन ६५-७० टक्के होईपर्यंत थांबते, कारण प्रचार सुरू झाला की काही लोक गळतातच. मग गुप्त मतदान होतं आणि मत देणाऱ्यांतलं साधं बहुमत पुरतं. अलीकडचे निकाल एकतर्फी आहेत: येलला जानेवारी २०२३मध्ये १,८६० विरुद्ध १७९. पण मे २०२४मध्ये प्रिन्स्टनने विरोधात कौल दिला, तेव्हा गृहीत धरू नये.

त्यानंतर खरं काम. सदस्यांचं सर्वेक्षण, वाटाघाटी समितीची निवडणूक, कलमांचे मसुदे. एमआयटीत एप्रिल २०२२च्या मतदानापासून सप्टेंबर २०२३च्या करारापर्यंत दीड वर्ष गेलं. कोलंबियात मतदान डिसेंबर २०१६ला झालं आणि पहिला करार जानेवारी २०२२मध्ये, तोही दहा आठवड्यांच्या संपानंतर. ज्यांनी मत दिलं त्यातले बरेच तोवर डॉक्टरेट घेऊन निघून गेले होते.

संपात काय बिघडू शकतं?

बरंच. टेम्पल विद्यापीठात ३१ जानेवारी २०२३ला संप सुरू झाला आणि विद्यापीठाने संपकऱ्यांची ट्यूशन माफी आणि आरोग्य विमा दोन्ही काढून घेतलं. विद्यार्थ्यांना हजारो डॉलरची बिलं आली. संप मार्चच्या मध्यापर्यंत टिकला आणि तडजोडीत दोन्ही गोष्टी परत मिळाल्या, पण ते आठवडे कठीण होते. बोस्टन युनिव्हर्सिटीचा संप मार्च २०२४मध्ये सुरू होऊन जवळपास सात महिने चालला.

राज्याचा कायदा इथेही बघावाच लागतो. न्यूयॉर्कच्या टेलर कायद्यात सरकारी कर्मचाऱ्याने एक दिवस संप केला तर दोन दिवसांचा पगार जातो. मॅसॅच्युसेट्स आणि मिशिगनमध्येही सरकारी कर्मचाऱ्यांचा संप बेकायदा आहे, तरी अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात २०२३मध्ये तो पाच महिने चालला. शिवाय करारात जवळपास नेहमीच ‘मुदतीत संप नाही’ हे कलम असतं, त्यामुळे संपाची वेळ बहुधा करार संपल्यावरच येते.

यूएडब्ल्यूचा संपभत्ता २०२३पासून आठवड्याला ५०० डॉलर आहे. तो आपोआप येत नाही, पिकेटवर नाव नोंदवून ठरलेले तास द्यावे लागतात. भत्ता करपात्र आहे. व्हिसावर असाल तर तो घेण्याआधी शाखेने नेमलेल्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. भाड्याचे निदान दोन महिन्यांचे पैसे वेगळे ठेवा.

लॅबवाल्यांचा नेहमीचा प्रश्न: पेशी आणि उंदीर मरतील त्याचं काय? संपाआधीच ‘जीव वाचवायच्या कामां’ची यादी करून कोण करणार ते ठरवतात. प्रबंधासाठीचं स्वतःचं काम हा संपाचा विषय नसतो. फक्त पगाराखाली येणारं काम थांबतं. रेघ कुठे ओढायची यावर लॅबमध्ये आधी चर्चा करा, संपाच्या पहिल्या सकाळी नको.

घरचे म्हणतात, युनियनने मुंबईच्या गिरण्या बुडवल्या. तू लांब राहा.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला तो संप, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याची धास्ती घराघरांत आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण तिथलं मूळ दुखणं बघा. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला होता आणि कामगार होते दत्ता सामंतांबरोबर. ज्यांच्यामागे लोक त्यांना टेबलावर जागा नाही, ज्यांना जागा त्यांच्यामागे लोक नाहीत. अमेरिकेतही एका युनिटची एकच मान्य युनियन असते, पण ती गुप्त मतदानाने ठरते आणि नको असेल तर मतदानानेच काढता येते. शिवाय गिरणीमालकाकडे गिरणी बंद करून जमीन विकायची वाट होती. विद्यापीठ पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस बंद करून जागा विकू शकत नाही.

पण पगार वाढले की जागा कमी होतात ना?

कधी होतात. बोस्टन युनिव्हर्सिटीने करारानंतर, नोव्हेंबर २०२४मध्ये, मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांतल्या डझनभर पीएचडी कार्यक्रमांचे पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवले आणि कारणांत कराराचा खर्चही सांगितला. यावर युनियनवाल्यांनी डोळे मिटू नयेत. आमचं म्हणणं इतकंच, की जिथे भाडं भरून हातात काही उरत नाही तिथे आणखी एक माणूस बोलावणं म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हे.

मी दीड वर्षात एमएस संपवून जाणार. माझा काय संबंध?

आज तुम्हाला मिळणारी ट्यूशन माफी कुणीतरी गेलेल्या माणसाने मिळवलेली आहे. आणि ताशी पगार तर पहिल्या सत्रापासून लागू होतो.

वाहन कामगारांची युनियन विद्यापीठात कशी?

यूएडब्ल्यूच्या चार लाखांच्या आसपास सदस्यांपैकी सुमारे एक लाख आता उच्च शिक्षणातले आहेत. यूई ही मुळात वीज-रेडिओ उपकरणं बनवणाऱ्यांची युनियन, पण १९९६मध्ये आयोवाच्या पदवीधरांना तिने आपलंसं केलं आणि आज एमआयटी, स्टॅनफर्ड, शिकागो, कॉर्नेल तिच्याकडे आहेत. मोठ्या युनियनकडे वकील आणि संपनिधी असतो. मागण्या मात्र शाखेतले विद्यार्थीच ठरवतात.

करार आहे, पण तो मोडला जातोय. तक्रार कशी करायची?

युनियनच्या स्टुअर्डला, म्हणजे विभागातल्या प्रतिनिधीला, गाठा, विभागागणिक एक असतो. मुदत सांभाळा. तक्रारीला घटनेपासून साधारण तीन-चार आठवड्यांची मर्यादा असते, नेमका आकडा करारातल्या तक्रार कलमात आहे. मुदत हुकली की खरी तक्रारही फेटाळली जाते, आणि सर्वाधिक तक्रारी अशाच बुडतात. पहिली पायरी विभागातली अनौपचारिक भेट, मग लेखी तक्रार मनुष्यबळ कार्यालयाकडे, मग वरची सुनावणी, शेवटी लवाद. सोबत हवं ते: ऑफर लेटर, तासांची नोंद, ईमेल, पे स्टब (पगाराची पावती). विद्यापीठाच्या ईमेलवरचं महत्त्वाचं स्वतःजवळ उतरवून ठेवा. नेमणूक संपली की तो ईमेल कधी बंद होईल सांगता येत नाही.

शिस्तभंगाच्या चौकशीला बोलावलं, तर युनियन असलेल्या ठिकाणी ‘माझा प्रतिनिधी येईपर्यंत मी उत्तर देणार नाही’ म्हणायचा हक्क आहे. तो मागावा लागतो, समोरून कुणी आठवण करून देत नाही.

आमच्याकडे युनियनच नाही. काय करता येईल?

खासगी विद्यापीठात दोघांनी मिळून पगाराबद्दल किंवा तासांबद्दल प्रशासनाकडे जाणंही कायद्याने संरक्षित आहे, युनियन नसली तरी. सुरुवात पगार एकमेकांना सांगण्यापासून करा. एकाच विभागात दोन भारतीय विद्यार्थ्यांचे स्टायपेंड वेगळे असतात आणि संकोचापायी दोघांनाही ते ठाऊक नसतं. मग नकाशा काढा: कोणत्या लॅबमध्ये किती जण, कुणाशी कोण बोलू शकेल. चहाला बसून एकेकाशी वीस मिनिटं, आणि त्यातली पंधरा त्याने बोलायची.

कार्डावर काय भरायचं?

नाव, विभाग, पद, फोन, ईमेल, सही, तारीख. तारीख विसरू नका, तिच्याशिवाय कार्ड बाद होतं. ईमेल विद्यापीठाचा नको, स्वतःचा द्या. ऑनलाइन कार्ड असेल तर तेही विद्यापीठाच्या लॅपटॉपवरून न भरता स्वतःच्या फोनवरून भरा.